अंगावरची चरबी गप्प बसत नाही



आपल्याकडे माणूस जाड झाला की आपण म्हणतो, "तब्येत सुधारली हो!" सासरहून आलेली लेक अंगाने भरलेली दिसली की आईचा जीव भांड्यात पडतो. कारभाऱ्याचे पोट सुटले की घर खाऊनपिऊन सुखी आहे, असे गाव समजते. या बोलण्याला कारणही आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्या घरांना अंगावरचे मांस म्हणजे दैवाची कृपा वाटली, तर त्यांना नावे कोण ठेवील?

पण आता दिवस बदलले आहेत. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू होते. शेतावर जायला दारात मोटारसायकल उभी असते. खाणे मात्र कमी झालेले नाही. उलट तेलाचा डबा, बिस्किटाचे पुडे आणि दिवसभराचा गोड चहा यांची त्यात भर पडली आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी २४ जणींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त निघाले. नुसती खेडी धरली तरी पाच जणींत एक. तेव्हा लठ्ठपणा हा शेटजींचा आजार आहे, असे म्हणून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही.

लठ्ठपणाने गुडघे दुखतात, रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याचा कॅन्सरशी संबंध आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तोच संबंध आज तुम्हाला उलगडून सांगायचा आहे. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेला, तीस वर्षे तुमच्या बांधावर फिरलेला माणूस आहे. पण ज्या गोष्टीभोवती हा सगळा विषय फिरतो, ती माझ्या आणि तुमच्या रोजच्या कामातली आहे. झाडात तिला आपण संजीवक म्हणतो. माणसाच्या शरीरात तिलाच संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला 'जीए' काय करते, हे सांगायला नको. एक ग्रॅम पावडर शंभर लिटर पाण्यात टाकली की झाले दहा पीपीएम. एवढ्याशा औषधाने घड लांबतो, मणी फुगतो. टू-फोर-डी हे तणनाशकही मुळात संजीवकाच्याच जातीचे. शेजाऱ्याने ते फवारले आणि वाऱ्याबरोबर चार थेंब आपल्या कपाशीवर आले, तर पाने आकसून बोटांसारखी लांबट होतात. म्हणजे संजीवक हे खत नाही. तो निरोप आहे. "वाढ", "थांब", "पिक", "गळ" असा हुकूम झाडाला मिळतो आणि झाड तो पाळते. आपल्या शरीरातही असेच निरोप रक्तातून फिरत असतात, आणि तेही अगदी कणभर मात्रेत.

आता चरबीकडे या. पूर्वी सगळ्यांचा समज असा की चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य. सुगीत भरावे, दुष्काळात काढावे. एरवी ती मुकाट पडून असते. डॉक्टर मंडळीही बरीच वर्षे असेच समजत होती. मग १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीतून निघणारे 'लेप्टिन' नावाचे संप्रेरक शोधून काढले. तेव्हापासून चरबीकडे पाहण्याची नजर पालटली. ही कणगी बोलते, सगळ्या अंगाला निरोप धाडते, आणि ती जितकी मोठी तितका तिचा आवाज मोठा, हे कळून आले.

निरोपाचा आणि कॅन्सरचा संबंध मात्र त्याच्याही शंभर वर्षे आधी लागला होता, आणि तो लागला गाई-मेंढ्यांच्या अभ्यासातून. ही हकिगत आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी आहे. जॉर्ज बीटसन नावाचा एक तरुण डॉक्टर स्कॉटलंडच्या पश्चिम भागात मेंढ्यांच्या वाड्याजवळ काही काळ राहिला. मेंढीला दूध कसे येते, कसे आटते, याचा त्याने अभ्यास केला. काही देशांत गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढून टाकतात आणि मग ती दीर्घकाळ दूध देत राहते, असेही त्याला समजले. अंडाशय कुठे, कास कुठे! मध्ये काही धागा दिसत नाही, तरी एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालतो, हे त्याने हेरले. पुढे १८९५ साली ग्लासगोत त्याने स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका ३३ वर्षांच्या बाईचे अंडाशय काढले, आणि काही महिन्यांत तिची गाठ विरत गेली. १८९६ साली त्याने ही माहिती छापली. हार्मोन हा शब्दसुद्धा तोवर जन्मला नव्हता. तो १९०५ साली आला. सगळ्याच गाठी अशा हुकमाच्या ताबेदार नसतात, हेही पुढे कळले. पण स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या पुष्कळशा गाठी अंडाशयातून येणाऱ्या 'इस्ट्रोजेन' या संप्रेरकावर पोसल्या जातात, ही गोष्ट पक्की झाली.

तुम्ही म्हणाल, पाळी गेली की अंडाशयाचे काम संपले. मग म्हातारपणी हा निरोप येतो कुठून? याचे उत्तर ऊसवाल्याला चटकन समजेल. साखर कारखाना बंद झाला म्हणून रस उकळायचा थांबतो का? रानात ऊस असला की गावोगावची गुऱ्हाळे चालूच राहतात. तसेच इथे होते. मूत्रपिंडावर बसलेल्या लहानशा ग्रंथी म्हातारपणीही एक कच्चा माल रक्तात सोडत असतात. चरबीच्या पेशींत 'अरोमॅटेज' नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. ते या कच्च्या मालाचे इस्ट्रोजेन करते. म्हणजे अंडाशयाचा कारखाना बंद झाल्यावर चरबी हेच गुऱ्हाळ होते, आणि चरबी जितकी जास्त तितकी गुऱ्हाळे जास्त. पाळी गेलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला आणि तो इस्ट्रोजेनवर पोसणारा निघाला, तर डॉक्टर बहुधा लेट्रोझोलसारखी गोळी देतात. ती गोळी या गुऱ्हाळाचे चुलवाणच विझवते.

गर्भाशयाच्या बाबतीत आणखी एक भर पडते. पाळी चालू असते तेव्हा इस्ट्रोजेन अस्तराला "वाढ" म्हणते आणि 'प्रोजेस्टेरॉन' हे दुसरे संप्रेरक त्याला वेसण घालते. पाळी गेल्यावर वेसण घालणारे संपते. चरबीतून येणारे इस्ट्रोजेन मात्र चालू राहते. अस्तर जाड होत जाते, पेशी पुन्हापुन्हा फुटत राहतात. पिढ्यान्‌पिढ्या धरलेल्या बियाण्यात जशी भेसळ शिरते, तशी पेशींच्या नकलेत कुठेतरी चूक शिरते, आणि तिथून गाठीचा आरंभ होतो. फार लठ्ठ बायकांत या कॅन्सरचा धोका बेताच्या वजनाच्या बायकांच्या सुमारे सातपट आढळला आहे.

हे सगळे मी एवढ्या आस्थेने का सांगतो, तेही सांगतो. माझ्या थोरल्या वहिनी. वय ५८, अंगाने चांगल्याच भरलेल्या, सहा वर्षांपासून साखरेचा त्रास. पाळी जाऊन आठ वर्षे झालेली. एके दिवशी त्यांच्या अंगावरून थोडे रक्त गेले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. शेजारणीने उष्णता झाली म्हणून सब्जा-गुलकंद दिले. तालुक्याच्या गावी एकदा दाखवले, तर "वयोमानाने होते" म्हणून गोळ्या मिळाल्या. तेव्हा उसाची तोड चालू होती, पाठोपाठ घरात लग्न निघाले. माझ्या घराची गोष्ट म्हणून फक्त सांगत नाही. तुमच्या घरातली कर्ती बाईही असेच करते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरेल ते आपले, तसे सगळ्यांची दुखणी झाल्यावर उरेल त्या वेळात आपले दुखणे. सहा महिन्यांनी थोरल्या सुनेच्या लक्षात आले. तिने हट्ट धरून शहरात नेले. सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. सुदैवाने तो पिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता. पिशवी आणि अंडाशय काढले. या गोष्टीला पाच वर्षे झाली. वहिनी आज नातवंडांत आहेत.

दवाखान्यात त्यांनी मला विचारले होते, "भाऊजी, मी कधी मिश्री लावली नाही, तंबाखूला हात लावला नाही. सगळे उपासतापास केले. मग मलाच कसं हे झालं?"

मी म्हणालो, "वहिनी, हे पाप-पुण्याचं नाही. तुम्ही काही केलं म्हणून झालं, असं कोणी म्हणू नये." आणि तेच मी तुम्हालाही सांगतो. लठ्ठ माणूस नव्वद वर्षे धडधाकट जगतो आणि शिडशिडीत माणसाला कॅन्सर होतो, असेही आपण पाहतो. चरबी हे एक कारण आहे, एकमेव नाही. आपल्या भागात तंबाखू, मिश्री, गुटखा यांचे पाप अजून फार मोठे आहे. आजारी माणसाला "तू खाल्लंस म्हणून झालं" असे ऐकवणे ही दुष्टाई आहे. आपल्याला हिशेब मांडायचा तो पुढच्या हंगामाचा.

वहिनींच्या साखरेचाही या दुखण्याशी धागा आहे. अंगात चरबी वाढली, विशेषतः पोटात, की इन्सुलिन या संप्रेरकाचे शरीर नीट ऐकेनासे होते. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडते. आता ठिबकचे पाणी आणि मोकाट पाणी यांतला फरक आठवा. ठिबकने पाणी पिकाच्या मुळाशी जाते. मोकाट सोडले की बांधावरची हरळीसुद्धा माजते. इन्सुलिनचे काम केवळ साखर जिरवण्याचे नाही. "वाढा" हा निरोपही ते पेशींना देते. ते रक्तात भरमसाट झाले की चांगल्या पेशींबरोबर गाठीच्या पेशींनाही पाणी मिळते. शिवाय इस्ट्रोजेनला रक्तात धरून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते. इन्सुलिन वाढले की ते प्रथिन घटते आणि मोकळे इस्ट्रोजेन वाढते. एक निरोप दुसऱ्याला बळ देतो, तो असा. (मधुमेहासाठी जे इन्सुलिनची सुई घेतात, त्यांनी हे वाचून ती बंद करू नये. ती त्यांना जगवणारी आहे.)

तिसरा धागा त्या लेप्टिनचा. चरबी वाढली की ते वाढते, आणि प्रयोगशाळेत ते गाठीच्या पेशींना वाढायला चालना देते असे दिसले आहे. चरबीतूनच निघणारे 'ॲडिपोनेक्टिन' नावाचे दुसरे संप्रेरक गुणी आहे, ते वाढीला आवर घालते. पण चरबी वाढली की नेमके तेच घटते. शिवाय पोटातली जास्तीची चरबी उकिरड्यासारखी आतून धुमसत राहते. ज्वाळा दिसत नाही, पण ऊब कायम. त्या धगीत पेशींचे नुकसान होत राहते आणि गाठीला मातीही तयार होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सगळा पुरावा चाळून सांगितले की लठ्ठपणा तेरा प्रकारच्या कॅन्सरांचा धोका वाढवतो. त्यांत गर्भाशय, पाळी गेल्यानंतरचे स्तन, अंडाशय, मोठे आतडे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि थायरॉईड हेही आहेत. पुरुष मंडळींनी ही यादी नीट वाचावी. त्यांतले निम्म्याहून अधिक अवयव त्यांनाही आहेत.

"मी तर बारीक आहे, मला काय भीती?" असे कोणी म्हणेल. त्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम ऐका. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टन गावची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने घटलेली नाही. २००४ साली याज्ञिकांनी आपल्या एका इंग्रज डॉक्टर मित्राबरोबर स्वतःचेही माप छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे आपल्या लोकांत हातपाय काटकुळे आणि पोटात मात्र साठा, असा प्रकार पुष्कळ. म्हणून काट्यापेक्षा कमरेवर भरवसा ठेवा.

कमर मोजायला टेप नसला तरी चालेल. एक सुतळी घ्या. उभे राहून टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीएवढी कापा. मध्यावर दुमडा. ही अर्धी सुतळी शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर पोटात चरबी साठू लागली आहे, असे समजा. टेप असेल तर आपल्या लोकांसाठी पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

मग करायचे काय? घाबरून एकदम उपाशी राहू नका. आपले उपास तर "एकादशी, दुप्पट खाशी" या जातीचे. साबुदाणा, दाणे आणि तूप यांनी चरबी उतरत नाही. आधी चहाचा हिशेब करा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, सुमारे ५० ग्रॅम. वर्षाला एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून १८ किलो साखर जाते! जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. कप दोन करा, चमचा एक करा, निम्मे काम तिथेच होईल. तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, त्याची तारीख भिंतीवर लिहा. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, ताक हे आपलेच जेवण पुन्हा ताटात आणा. सायंकाळी जेवून लगेच आडवे होऊ नका. ज्यांच्या हातचे काम यंत्राने घेतले, त्यांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपाझप चालावे. शेतावर जाताना मोटारसायकल घरी ठेवली तरी ते भरून निघते. दारू सोडा. तीही अंगाला चरबी देते आणि कॅन्सरलाही वाट करून देते.

थोडे वजन उतरून काय होणार, असे म्हणू नका. अमेरिकेत पन्नाशी उलटलेल्या, पाळी गेलेल्या ३६ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी तीन वर्षांत आपले वजन शेकडा पाच किंवा अधिक उतरवले, त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर २९ टक्के कमी आढळला. सत्तर किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. एवढे काही डोंगराएवढे काम नाही. मात्र ज्यांना कॅन्सर झालेला आहे, त्यांनी आपल्या मनाने खाणे तोडू नये. उपचारांत अंगाला ताकद लागते. डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येक बाईच्या कानावर घाला. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्ताचा डाग जरी गेला, तरी ती उष्णता समजू नये. दर वेळी ते कॅन्सरच असते असे नाही, पुष्कळदा साधे कारण निघते. पण तपासल्याखेरीज ते कळत नाही. स्तनात गाठ लागली तरी तसेच, मग ती दुखत असो वा नसो. कॅन्सर शहरात होतो, असा गैरसमज नको. बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, आणि ती वही कधी कोरी राहिलेली नाही.

कारभारी मंडळींना शेवटची विनंती. उसाच्या पानावर तांबेरा दिसला की त्याच दिवशी तुम्ही मला फोन करता, आणि ते योग्यच आहे. घरातली बाई काही सांगू पाहत असेल, तर तोड संपायची, लग्न उरकायचे, सुगी व्हायची वाट पाहू नका. ती सांगत नसेल, तर तुम्ही होऊन विचारा. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते.